जेनेटच्या डोक्यावरचा कोन

थांबा थांबा, माझ्या कोटाला हात लावू नका कुणी! रुअरी, तुला सांगतेय, लांब बस. तो रंग वाळलेला नाही. तो वाळतच नाही कधी, बनवलाय तसा. आणि तो रंग निवडणारी मीच, म्हणजे माझ्यासारखी हुशार मुलगी अख्ख्या ग्लासगोत शोधून सापडायची नाही. सांगते ना, सगळं सांगते, आधी कुणीतरी माझ्यासाठी अर्धा पाइंट बिअर सांगा. मोठी गोष्ट आहे, आणि मी बोलायला लागले की श्वास घ्यायला विसरते.

तर मी पिटलॉरीची, हे तुम्हाला माहितीये. पण पिटलॉरी कुठे आहे हे तुमच्यातल्या एकालाही माहीत नाही, आणि तेच तर आमचं दुखणं. म्हणजे बघा, आपल्या या देशात पावसाखेरीज पिकतं काय? थोर माणसं! ग्रीनॉकचा वॉट, हेलन्सबराचा बेअर्ड, एडिंबराचे तर इतके की पुतळ्यांना फुटपाथ पुरत नाहीत. माझे बाबा स्पेनला सुट्टीवर गेले ना, की वेटरने नुसतं "कुठले तुम्ही?" विचारायचा अवकाश. टेलिफोन? आम्ही. टीव्ही? आम्ही. पेनिसिलिन? आम्ही. हवेचं टायर? आम्ही, आणि तेही दोनदा, कारण पहिल्याने शोधलेलं आम्हीच विसरून गेलो, मग चाळीसेक वर्षांनी दुसऱ्याने परत शोधलं. वाफेचं इंजिन? ते तसं आधीचं होतं, पण धड चालायला लागलं आमच्यामुळे, असं बाबा सांगतात, आणि सांगताना असे उभे राहतात की जणू त्या दिवशी पाना हातात घेऊन तेच शेजारी होते. घरातला नळ गेल्या हिवाळ्यापासून गळतोय, तो सोडा. आणि क्लोरोफॉर्म! डॉक्टर सिम्प्सननी जेवण झाल्यावर मित्रांबरोबर बाटली हुंगली आणि सगळे टेबलाखाली. रुअरी, तुझ्याकडे दर शनिवारी हेच होतं, फक्त शोध लागत नाही.

तर एवढा सगळा थोर देश, आणि त्यात पिटलॉरीचं कोण? कुणीच नाही. बंदर आहे, चिप्सचं दुकान आहे, आणि एक बाक आहे, ज्याच्यावर म्हणे एक थोर माणूस गाडी चुकली म्हणून बसला होता. त्या बाकावर पितळी पाटी आहे. पाटीवर त्याचं नाव नाही, कारण खात्री नाही.

आणि शेजारी आर्डेनी. आर्डेनीचा एक इंजिनियर होता, त्याने दक्षिण अमेरिकेत कुठेतरी भला मोठा पूल बांधला. त्याचा चौकात पुतळा. फुटबॉलची मॅच असली की आर्डेनीची पोरं त्या पुलावर गाणं म्हणतात, आणि मग आमच्याकडे तोंड करून गप्प उभी राहतात. नुसती गप्प! आता तुमची पाळी, म्हणा काहीतरी. आम्ही काय म्हणणार, बाकावर गाणं?

आता गिलरॉय बाई. एफी गिलरॉय, वय शहाऐंशी, अख्ख्या गावाला भौतिकशास्त्र शिकवलं. माझ्या आईला, डॉडी पेटनला, बँकेच्या स्क्रिमजर साहेबांनासुद्धा. वर्गात कुणी बडबड केली की छडी नाही, काही नाही, उभं राहून पाच थोर माणसं म्हणायची, प्रत्येकाने काय केलं त्यासकट. मला अजून झोपेत येतं. मॅक्सवेल, प्रकाश आणि वीज. नेपियर, लॉगॅरिदम. विल्यमिना फ्लेमिंग, डंडीची, परदेशात जाऊन मोलकरीण झाली आणि मग तारे शोधले. मी इतकी बडबडायचे की माझी शंभर तरी पाठ असतील.

तर बाई गाव सोडून मुलाकडे निघाल्या होत्या, न्यूझीलंडला, कायमच्या. मी सामान बांधायला मदत करायला गेले आणि कपाटामागून एक फोटो निघाला. बंदरावर एक बाई, डोक्याला शाल गुंडाळलेली, शेजारी दोर ओढायचं वाफेचं चक्र, आणि तिचा एक पाय एका लोखंडी पट्टीवर.

"ही कोण हो बाई?"

"जेनेट. माझ्या आजोबांची बहीण. लोहाराची पोर. तिच्या वडिलांची तीन बोटं गेली होती त्या चक्रात. हेरिंग मासळीच्या होड्यांवर तेव्हा कुणाची ना कुणाची रोज जायची. मग तिने ती पायखीळ केली. पाय ठेवला की चक्र फिरतं, पाय उचलला की जागच्या जागी थांबतं. नंतर अख्ख्या किनाऱ्यावर लावली लोकांनी. तो पडदा नीट घडी कर, चुरगळतोयस."

"बाई! म्हणजे आपल्या गावात थोर माणूस होता? आणि तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही?"

"त्यात काय सांगायचं एवढं? घरातलीच तर होती."

बघा म्हणजे! जन्मभर आम्हाला दुसऱ्या गावांची माणसं पाठ करायला लावली, आणि स्वतःची कपाटामागे! पण आपलं हे असंच असतं. जगापुढे छाती फुगवायची, आणि आपल्या गल्लीतलं कुणी जरा वर गेलं की सगळ्यांनी मिळून त्याचा पाय ओढायचा.

मी तो फोटो घेऊन धावतच सुटले. मी तेव्हा गावच्या मंडळाची सेक्रेटरी होते. म्हणजे चहा करायचे आणि कोण काय म्हणालं ते लिहायचे. अध्यक्ष स्क्रिमजर साहेब, रिटायर्ड मॅनेजर, शनिवारीसुद्धा टाय. फोटो बघून त्यांना अक्षरशः हुंदका आला. पुतळा करायचा ठरला, गावाने दिला हातभार, ते सगळं झालं. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, पुतळा बघते आणि मग जाते." एका वर्षाने जाणं पुढे ढकललं त्यांनी, त्या वयात!

आणि पुतळ्याची पहिली मीटिंग. मला वाटलं, पुतळा कसा हवा, कुठे हवा, असं काही असेल. साहेबांनी चष्मा लावला आणि म्हणाले,

"मुद्दा पहिला. कोन."

रस्ता खणताना लावतात ना, नारिंगी-पांढरा, प्लास्टिकचा, तो कोन.

"आर्डेनीत बघा," साहेब म्हणाले. "एवढ्या पुलाचा कर्ता, आणि दर शनिवारी रात्री पिऊन पोरं वर चढतात आणि त्याच्या डोक्यावर कोन ठेवतात! ग्लासगोत घोड्यावरच्या त्या ड्यूकला तर लोक कोनाशिवाय ओळखत नाहीत. पिटलॉरीत हे चालणार नाही. जेनेट गिलरॉयचा मान राहिलाच पाहिजे."

डॉडी पेटन, त्याची बोट आहे, तो कोपऱ्यातून म्हणाला, "साहेब, अजून बाईचं डोकंच झालं नाही आणि तुम्ही तिची टोपी काढायला निघालात."

पण साहेब ऐकतात कुणाचं? चौथरा दोन माणसं उंच करायचा ठरलं. आणि मग मी, आगाऊ कार्टी, रात्रभर शोधाशोध करून तो रंग काढला. काळा. भिंतींवर, पाइपांवर लावतात, चोर चढू नयेत म्हणून. निसरडा असतो, कधी वाळत नाही, आणि कुणी चढलाच तर अंगभर लागतो, साबणाने जात नाही. माणसाच्या डोक्याच्या वर लावायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला त्रास नाही. मीटिंगमध्ये मी उभी राहून तो वाचून दाखवला, अगदी पाच थोर माणसं म्हणावीत तसा. साहेब म्हणाले, "उत्तम." मी त्या एका 'उत्तम'वर आठवडाभर जगले हो.

अनावरणाचा दिवस. पाऊस, अर्थातच. बॅगपाइपवाला निथळतोय, आर्डेनीची माणसं मुद्दाम पुढच्या रांगेत. साहेबांनी भाषण केलं, दोरी ओढली... आणि पडदा निघेना. का? माझा रंग! पडदा चौथऱ्याला चिकटलेला. साहेब ओढतायत, बॅगपाइपवाला बिचारा तेच तेच वाजवतोय, आर्डेनीवाले हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडतायत. शेवटी डॉडीने बोटीचा आकडा आणून तो फाडून काढला. आणि आत जेनेट. काय सांगू, सुंदर! शाल गुंडाळलेली, एक पाय त्या पायखिळीवर, "हं, बोला आता" असा चेहरा. गिलरॉय बाई छत्रीखाली उभ्या होत्या. त्यांनी छत्री बाजूला केली आणि भिजत राहिल्या.

मला वाटलं, संपलं. सुखी झालं गाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीत बाई भेटल्या.

"आला का?"

"काय बाई?"

"कोन गं."

"नाही बाई!" मी छाती काढून सांगितलं. "यायचाच नाही. बंदोबस्त केलाय ना आम्ही."

"हं," बाई म्हणाल्या, आणि रोल घेऊन गेल्या.

मग रोज तेच. सकाळी रोल घ्यायचा, चौकात जायचं, मान वर करून बघायचं. शनिवार गेला, अजून एक शनिवार गेला. जेनेटच्या डोक्यावर काय, तर सीगल. शेवटी शेवटी मलाच कसंतरी व्हायला लागलं. एक दिवस मी त्यांच्या शेजारी त्या पाटीच्या बाकावर जाऊन बसले.

बाई म्हणाल्या, "आर्डेनीच्या पुलवाल्याला काल नवा मिळाला. हातात पिशवीसुद्धा दिलीये कुणीतरी, बाजाराला निघाल्यासारखी."

"बाई, ती थट्टा असते हो. आपल्या जेनेटला मान आहे."

"थट्टा! पोरी, ज्याला आपण आपला म्हणत नाही त्याची कधी थट्टा करतो का? तुझ्या बाबांची थट्टा कोण करतं?"

"सगळेच."

"आणि या बाकाच्या पाटीची?"

मी पाटीकडे बघितलं. "कुणीच नाही."

"बघितलंस? लोक जेनेटसमोरून जाताना आवाज खाली करतात. दवाखान्यात आल्यासारखे. डोनल्डचा पोरगा तर टोपी काढून गेला परवा." बाईंनी रोलचा तुकडा मोडून सीगलला टाकला. "मी पुढच्या शनिवारी चाललेय, मॉर्वन. माझ्यामागे इथे गिलरॉय नावाचं कुणी उरत नाही. तिला अशी पाहुण्यासारखी उभी करून जायचं माझ्या जिवावर येतंय, बस, एवढंच."

आणि हे त्या इतकं साधं बोलल्या ना, की मला रडूच आलं. मी तिथल्या तिथे ठरवलं. कोन मीच ठेवणार!

आता ऐका हं, आणि हसू नका. तुम्ही कुणी कोन ठेवायचा ठरवला तर काय कराल? उचलाल कुठूनतरी. मी काय केलं? मी रस्त्याचं काम चालू होतं तिथे गेले आणि त्या माणसाला विचारलं, "एक्स्क्यूज मी, एक कोन मिळेल का?"

तो म्हणाला, "कशाला?"

"पुतळ्यावर ठेवायला."

त्याने हातातलं फावडं खाली ठेवलं. "इतकी वर्षं रस्त्यावर काम करतोय. विचारून कोन नेणारी तू पहिली. परत देणार का?"

"सोमवारपर्यंत," मी म्हणाले. सोमवारपर्यंत! जसं काही लायब्ररीचं पुस्तक!

तर संध्याकाळी मी हा कोट घालून, हाच, नवाकोरा, चौकात गेले. जून महिना, दिवस काही मावळायचं नाव घेत नाही, लपायला अंधार नाही. कचऱ्याचा डबा ओढला, त्याच्यावर चढले, एका हातात कोन, आणि दुसऱ्या हाताने चौथऱ्याला मिठी मारली. रंग माझ्या लक्षातच नाही! मी स्वतः निवडलेला, स्वतः वाचून दाखवलेला रंग! मी एक वीतभर वर गेले, आणि मग हळूच, अगदी शांतपणे, खाली यायला लागले. ओरडावं तर लोक येतील, म्हणून तोंड मिटून घसरतेय. गाल लागला, कोट लागला, सगळं लागलं. कोन सुटला आणि घरंगळत गेला थेट डॉडी पेटनच्या पायाशी. तो बाकावर चिप्स खात बसला होता. पहिल्यापासून!

"काय गं," तो म्हणाला, "लग्न ठरलं का चौथऱ्याशी?"

"कोन ठेवत होते."

"एकटी?"

"हो."

"कुणाला न सांगता?"

"हो. गिलरॉय बाई शनिवारी जातायत ना, म्हणून."

त्याने एक चिप खाल्ली, जेनेटकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छे," म्हणाला. बस. 'छे', आणि उठून गेला. इतका अपमान माझा आर्डेनीनेसुद्धा केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले तर दारातच, "हात पुढे."

मी केले पुढे. काळे कुळकुळीत. रॉकेल लावून झालं, लोणी लावून झालं, काही उपयोग नाही.

"कोन कुठून आणलास?"

"मागून घेतला."

"मागून?" बाई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या, अशा हसायला लागल्या की मी पाणी आणायला धावले. "मागून! अगं, तू वर पोचली असतीस तरी काय झालं असतं? तुझा एकटीचा कोन म्हणजे दान झालं. पदरात टाकल्यासारखं. मला दान नको."

"मग मी सगळ्यांना सांगू का? घरोघर जाते, सांगते की बाईंची इच्छा आहे..."

"मॉर्वन. मी या गावाला जन्मभर शिकवलं. 'करा' म्हटल्यावर एकाने काही केल्याचं मला आठवत नाही. 'करू नका' म्हटलं की मात्र मागच्या बाकासकट अख्खा वर्ग." चहाचा घोट घेतला. "डग्लसला, तुझ्या त्या अध्यक्षाला, जाऊन सांग, पुतळ्यावर कुणीतरी चढायचा प्रयत्न केला."

"पण ती तर मीच..."

"मी 'कुणीतरी' म्हणाले."

मी गेले. हात खिशात घालून स्क्रिमजर साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, साहेब, चौथऱ्यावर घसरल्याच्या खुणा आहेत. साहेब ताडकन उठले. रागावले होते, खूप रागावले, पण आतून म्हणाल तर माणूस फुलला होता. इतके दिवस तेसुद्धा वाट बघत होते हो! एवढा बंदोबस्त केलेला, आणि त्याच्याकडे ढुंकूनही कुणी बघितलं नव्हतं.

"आलेच शेवटी!" म्हणाले. "मी सांगत होतो ना? पाटी लावतो."

आणि लावली. भली मोठी, पांढऱ्यावर लाल अक्षरं. 'या पुतळ्याच्या डोक्यावर, खांद्यावर, हातांवर अथवा अन्य कोणत्याही भागावर कोणत्याही आकाराचा कोन ठेवण्यास सक्त मनाई आहे. आज्ञेवरून.'

तासाभरात तिथे गर्दी. अनावरणाला नव्हती एवढी.

"आज्ञेवरून? कुणाच्या?"

"डग्लस स्क्रिमजरच्या."

"तो आज्ञा कधीपासून द्यायला लागला? शाळेत डबा हरवला म्हणून रडायचा."

"'कोणत्याही आकाराचा' म्हणतोय. म्हणजे छोटासुद्धा नाही?"

"आईसक्रीमचा?"

"तोपण नाही. लिहिलंय ना."

"बघा म्हणजे! आपली जेनेट, आपण पैसे दिले, आणि हा आपल्याला सांगणार?"

ऐकलंत? 'आपली जेनेट'! मी तशीच पळत बाईंकडे गेले सांगायला. बाई नुसत्या "हं" म्हणाल्या, पण सुटकेसची चेन लावता लावता गुणगुणत होत्या.

पण दुसरा दिवस उजाडला, काही नाही. तिसरा, काही नाही. शुक्रवार संध्याकाळ आली, मी दर तासाला चौकात जातेय, लोक मला बघून वळून दुसरीकडे जातायत. डॉडीला विचारलं, तर म्हणाला, "मनाई आहे ना?" आणि शीळ घालत निघून गेला. माझं डोकंच फिरलं. लोकांनी मनाई ऐकली! आमच्या गावाने! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमकी आता!

बाईंनी दारातूनच विचारलं, "नाही?"

"नाही बाई."

"हं. गाव सुधारलं म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि जेनेटचा फोटो सुटकेसमध्ये सगळ्यात खाली ठेवला. वर स्वेटर ठेवले, त्यावर अजून स्वेटर.

शनिवारी सकाळी मी सामान घ्यायला गेले. बस चौकातूनच सुटते. बाई वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत, मीसुद्धा नाही, आणि मी बोलत नाहीये म्हणजे काय परिस्थिती असेल ते बघा. बेकरीचा कोपरा वळलो, आणि बाई थांबल्या. मी मागून सुटकेसा घेऊन जाऊन त्यांच्यावर आदळले.

जेनेटच्या डोक्यावर कोन!

वाकडा. एका कानावर कललेला, शालीवर बसलेला, जसा काही दहा वर्षं तिथेच आहे. मळका, चिखलाचा, अस्सल चोरलेला. एवढंच नाही, पायखिळीवरच्या पायाशेजारी एक छोटा, शाळेच्या मैदानावरचा. आणि हातात, रुअरी, शप्पथ सांगते, आईसक्रीमचा. आईसक्रीमसकट! वितळून कोपरापर्यंत आलेलं.

आणि खाली अख्खं गाव. सगळे कसे, तर सहज आल्यासारखे. कुणी कुत्रं फिरवतोय, कुणी बसचं टाइमटेबल वाचतोय, जी बस त्यांना सगळ्यांना तोंडपाठ आहे.

डॉडी पुढे आला. "बाई, निघालात? नीट जा." आणि हात पुढे केला.

बाईंनी हातात हात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मग उलटा केला. तळवा काळा कुळकुळीत.

"बोटीचं ऑइल," डॉडी म्हणाला.

"हो का?" बाई म्हणाल्या. आणि त्या काळ्या हाताची बोटं त्यांनी एकेक करून दाबून बघितली, आपण बाळाची बघतो ना, तशी. "सगळी आहेत," म्हणाल्या.

मग बेकरीवाली आली. हात काळे. "ओव्हन साफ करत होते बाई." पोस्टमन आला. "शाई." डोनल्डचा पोरगा, ज्याने टोपी काढली होती तो, त्याचं तर नाकसुद्धा काळं. तो नुसता लाल झाला. एकेकाचा हात बाई घेतायत, उलटा करतायत, बोटं बघतायत, "सगळी आहेत" म्हणतायत. चौथरा दोन माणसं उंच, अंगभर निसरडा, एकट्याचं कामच नव्हतं ते. म्हणून तर डॉडी मला 'एकटी?' म्हणाला होता! खांद्यावर खांदा, त्यावर खांदा लागला असणार. आमच्या बंदोबस्तामुळेच अख्ख्या गावाला यावं लागलं, म्हणजे बघा, तो रंग मीच निवडला होता, एवढं तरी श्रेय मला द्या.

सगळ्यात शेवटी स्क्रिमजर साहेब. टाय, कोट, आणि हातात चामड्याचे हातमोजे. जूनमध्ये.

"बाई, हा जो प्रकार झालाय तो अत्यंत निंद्य आहे. मी चौकशी लावणार आहे."

"लाव हो. डग्लस, हातमोजे का घातलेस?"

"गारठा आहे बाई."

"हात पुढे."

काय सांगू तुम्हाला! सत्तरीचा माणूस, पण 'हात पुढे' म्हटल्यावर दहा वर्षांचा झाला. हातमोजे काढले. मनगटापर्यंत काळे.

"मी तपासायला गेलो होतो," साहेब म्हणाले. "रंग व्यवस्थित लागलाय की नाही."

बाईंनी त्यांना हळूच पाठमोरं वळवलं. कोटाच्या दोन्ही खांद्यांवर बुटांचे ठसे. चांगले मोठे. डॉडीच्या बुटांचे.

"आणि खांद्यांनी काय तपासलंस रे?"

अख्खा चौक फुटला. साहेबसुद्धा, हो, साहेबसुद्धा! आधी खोकल्यासारखं केलं, मग हसायला लागले ते थांबेनात. बाईंनी त्यांचीही बोटं मोजली. "सगळी आहेत," म्हणाल्या. मग वर जेनेटकडे बघितलं, म्हणाल्या, "बरी दिसतेस," आणि बसमध्ये चढल्या. ते आपले काळे झालेले हात खिडकीला लावून बसल्या, काचेवर दोन पंजे उमटले. बस वळेपर्यंत दिसत होते.

आता साहेब काय करतात माहितीये? दर सोमवारी शिडी लावून कोन काढतात. आणि दर शुक्रवारी ती मनाईची पाटी ओल्या फडक्याने पुसतात, लोकांना नीट वाचता यावी म्हणून. गेल्या मॅचला आर्डेनीवाल्यांनी पुलाचं गाणं म्हटलं आणि गप्प उभे राहिले, तर आमची पोरं काही बोललीच नाहीत, नुसते हात वर केले. काळे!

माझा कोन? तो सोमवारी परत केला मी. हसा, हसा. शब्द म्हणजे शब्द.

आणि बाई! बाईंचा दुबईहून मेसेज आला, विमान बदलायला थांबल्या होत्या तेव्हा. एडिंबराला तपासणीवाल्याने विचारलं म्हणे, हाताला काय लागलंय, आणि मागची रांग खोळंबली तरी त्या सांगतच राहिल्या. मग विमानात शेजारी एक गृहस्थ होते, पोर्तुगीज, त्यांनी बिचाऱ्यांनी सभ्यपणे नुसतं विचारलं, "कुठल्या तुम्ही?" बाईंनी टेलिफोनचं नाव काढलं नाही, टीव्हीचं नाही, पेनिसिलिनचं नाही. काळा तळवा त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाल्या, "जेनेट गिलरॉय. पिटलॉरीची. बसा, सांगते."

विमान तेव्हा नुकतंच उडालं होतं. दुबईपर्यंत त्या माणसाला उतरायचीसुद्धा सोय नव्हती.